उज्जैनचा आमदार आणि क्षिप्राकाठची शेते

उज्जैन आम्हां गोमंतकीयांना परके नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सरहद्दीवर पोर्तुगीज शिपायांनी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी जे धारातीर्थी पडले त्यांत उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ होते. आणि आज उज्जैनला जे महाकालेश्वराचे देऊळ उभे आहे, त्याचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार केला तो राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. आपल्याच कोकणपट्टीतला हा शेणवी माणूस. म्हणजे देवळाच्या दगडाने आणि माणसाच्या रक्ताने, असे दुहेरी नाते आहे.

परंतु आज आम्हांला उज्जैनचे पुराण सांगायचे नाही. तिथल्या एका आमदाराची कारकीर्द सांगायची आहे, आणि तिच्या ओघात दुसऱ्या एका आमदाराची. आमचे शेतकरी आणि रापणकार बंधू म्हणतील की माळव्यातल्या आमदाराशी आम्हांला काय देणे-घेणे? देणे-घेणे आहे. कारण प्रश्न जमिनीचा आहे, आणि सरकारी कागद कसा वाचावा याचा आहे. हा कागद उद्या आपल्याही दारात येऊ शकतो. काही गावांत तो येऊन गेलेलाही आहे.

आमदार म्हणजे कोण, हे आपल्याकडे विचारले तर दहांतले आठ जण सांगतील, की पोराला नोकरी लावणारा, गटाराला सिमेंट घालून देणारा, चतुर्थीला दारात येऊन जाणारा. तो विधानसभेत काय बोलला, कुठल्या विधेयकाला त्याने हात वर केला, हे विचारणारा मतदार विरळा. आमदारालाही ते बरेच पडते. म्हणून उज्जैनची हकिकत जरा सविस्तर सांगतो.

डॉ. मोहन यादव यांचा जन्म २५ मार्च १९६५ चा, उज्जैनचाच. शिकले तिथेच. १९८२ साली ते माधव विज्ञान महाविद्यालयाच्या विद्यार्थी संघाचे सहसचिव झाले आणि १९८४ साली अध्यक्ष. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेत त्यांची वाढ झाली, तिथून संघ आणि पक्ष. विज्ञान, कायदा, राज्यशास्त्र, व्यवस्थापन अशा पदव्या घेत ते डॉक्टरेटपर्यंत गेले. इतक्या पदव्यांचा माणूस राजकारणात आला की आम्हां शाळामास्तरांना उगीच बरे वाटते. त्याचा पुढे उपयोग होतो की नाही ते निराळे.

आमदारकी त्यांना लवकर मिळाली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २००३ साली उज्जैन जिल्ह्यातल्या बडनगरची उमेदवारी पक्षाने त्यांना दिली होती. तिथल्या कार्यकर्त्यांत नाराजी दिसली तेव्हा ती त्यांनी परत केली. हातात आलेले तिकीट परत करणारा इच्छुक आम्ही तरी आमच्या मुलुखात पाहिलेला नाही! त्यानंतर २००४ ते २०१० या काळात ते उज्जैन विकास प्राधिकरणाचे अध्यक्ष होते. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे याच प्राधिकरणाच्या दारात शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर उभे राहणार आहेत. मग दोन वर्षे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचे अध्यक्षपद, आणि २०१३ साली उज्जैन दक्षिण मतदारसंघातून विधानसभेत प्रवेश. २०१८ साली राज्यात त्यांच्या पक्षाचे बहुमत हुकले तरी हे निवडून आले. २०२३ साली १२,९४१ मतांनी तिसऱ्यांदा आले. मधल्या काळात, जुलै २०२० मध्ये, शिवराजसिंह चौहान यांच्या मंत्रिमंडळात उच्चशिक्षणमंत्री झाले होते.

११ डिसेंबर २०२३ रोजी भोपाळला भाजपच्या आमदारांची बैठक होती. बैठकीआधी सर्वांचे एकत्र छायाचित्र काढले, त्यात मोहन यादव मागच्या, तिसऱ्या रांगेत होते. थोड्या वेळाने नेता म्हणून नाव पुकारले ते त्यांचेच. नाव सुचवले ते स्वत: चौहानांनी. पुढच्या रांगेतल्या भल्याभल्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले असतील. १३ तारखेला शपथविधी झाला. इतर मागासवर्गातला, खुर्चीचा वारसा नसलेला आमदार मुख्यमंत्री होतो याचे आम्हांला वावडे नाही, उलट कौतुकच आहे. बहुजन समाजातला माणूस वर चढला की नाके मुरडणारे लोक आम्ही गोव्यातही पाहिलेले आहेत.

मुख्यमंत्री झाल्यावर चारच दिवसांत त्यांनी उज्जैनमध्ये रात्री मुक्काम केला, आणि त्याची देशभर बातमी झाली. कारण असे, की उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसऱ्या कुठल्या राजाने तिथे रात्र काढली तर त्याचे राज्य जाते, अशी समजूत. मुख्यमंत्री, पंतप्रधान येत, दर्शन घेत, आणि दिवस मावळायच्या आत निघून जात. यादवांनी सांगितले की मी महाकालाचा मुलगा आहे, राजा नव्हे. आणि ही समजूत शिंद्यांच्या दरबाराने राजधानी ग्वाल्हेरला हलवली त्या वेळी मुद्दाम पसरवलेली, उज्जैनवर कुणी चाल करून येऊ नये म्हणून. दौलतराव शिंद्यांच्या काळात राजधानी हलली हे इतिहासात आहेच. समजुतीच्या उगमाविषयी आम्ही छातीठोकपणे बोलणार नाही. पण जुनी भीती झटकून स्वत:च्या गावात निजणे यात गैर काही नाही. महाकालाचा मुलगा म्हणवून घेतले की महाकालाच्या बाकीच्या लेकरांचाही त्या घरावर हक्क येतो, एवढेच आम्ही इथे नोंदवून ठेवतो.

त्यांचे पहिले हुकूम निघाले ते भोंग्यांवर आणि उघड्यावरच्या मांस-मासळीच्या विक्रीवर. परवाना नसेल, स्वच्छतेचा नियम पाळला नसेल, तर विक्री बंद. आमच्या मासळीबाजारातल्या भगिनींनी हे वाचून थोडे थांबावे. स्वच्छता कुणाला नको? पण टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईला परवाना कुठल्या खिडकीवर मिळतो, ओटा कोण बांधून देतो, बर्फ कुठून येतो, हे हुकूम काढणाऱ्याने आधी सांगायला हवे. ओटा आधी आणि बंदी मागाहून, असा क्रम असेल तर मासळीवालीची तक्रार नसते. क्रम बहुधा उलटा असतो.

नावांचीही पुष्कळ बदलाबदल झाली. विद्यापीठाच्या 'कुलपती'चा 'कुलगुरू' झाला. उज्जैनला वैदिक घड्याळ लागले, त्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी केले. उज्जैन हे आपल्या जुन्या ज्योतिषाचे मध्यरेषेचे गाव, जयसिंगाची वेधशाळा तिथे आहे, तेव्हा घड्याळाची हौस समजू शकते. घड्याळाने शेतकऱ्याचे काही बिघडले नाही. बिघडले ते सिंहस्थाने.

गुरू सिंह राशीत आणि सूर्य मेषेत असताना, चैत्र पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत, दर बारा वर्षांनी उज्जैनला क्षिप्राकाठी हा मेळा भरतो. मागचा २०१६ च्या एप्रिल-मे महिन्यांत झाला, पुढचा २०२८ साली आहे. नाशिकचा सिंहस्थ आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तिथे तपोवनात साधुग्रामासाठी झाडे तोडण्यावरून २०२५ च्या अखेरीस केवढे रण माजले तेही वाचकांनी ऐकले असेल. उज्जैनला साधूंचे आखाडे, तंबू, मांडव, तात्पुरते रस्ते, पाण्याचे नळ हे सारे उभे राहते ते मंगळनाथ, काळभैरव, दत्त आखाडा, भूखीमाता या बाजूंना, आणि त्यातली बरीचशी जमीन शेतकऱ्यांच्या खासगी मालकीची. माळव्याची काळी माती. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू, हरभरा, लसूण.

आजवरची रीत अशी होती. सिंहस्थाचे वर्ष आले की सरकार काही महिन्यांसाठी ही शेते मागून घेई. हंगाम बुडे, त्याची भरपाई मिळे. कधी वेळेवर मिळे, कधी खेटे घालून. मेळा संपला, तंबू उठले, की पहिल्या पावसाआधी शेतकरी खुंट्या उपटून, मुरूम-खडी वेचून शेत पुन्हा पेरणीस लायक करी. त्रास होताच. पण बारा वर्षांतून एकदा साधूंच्या पायाखाली आपली जमीन जाते, हे शेतकरी पुण्य समजून सोशी. जमीन त्याचीच राही. आपल्याकडे जत्रेला देवळापुढचे शेत रिकामे करून देतात आणि पालखी देवळात परतली की मालक पुन्हा नांगर घालतो, तसेच हे, फक्त हजारो हेक्टरांवर.

२०२८ साठी ही रीत मोडायचे ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की हरिद्वारप्रमाणे उज्जैनलाही साधुसंतांना कायमचे आश्रम बांधता येतील अशी व्यवस्था करू. त्यामागोमाग उज्जैन विकास प्राधिकरणाच्या नगरविकास योजना आल्या. सुमारे तेवीसशे हेक्टरांहून अधिक जमीन, 'लँड पूलिंग' नावाच्या पद्धतीने घेऊन तिथे पक्के रस्ते, गटारे, विजेच्या तारा, आश्रम, रुग्णालये असे कायमचे 'आध्यात्मिक नगर' उभारायचे. योजनेला आधार होता राज्याच्या १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्याचा, आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांचा.

हे लँड पूलिंग म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे. आपल्या सरदीच्या शेताचे उदाहरण घेऊ. तुमची चार एकर जमीन आहे. सरकार ती रोख पैसे देऊन विकत घेत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जमिनींबरोबर तुमचीही एका मोठ्या ढिगात घालते, सगळ्या मेरा पुसून टाकते, रस्ते आखते, आणि शेवटी साधारण निम्मी, म्हणजे दोन एकरांची, 'विकसित' जागा तुम्हांला परत देते. उरलेली निम्मी रस्ते, बागा, सार्वजनिक इमारती यांत जाते, काही प्राधिकरणाच्या हाती राहते. अधिकारी तुम्हांला समजावून सांगतो, की बाबा, तुझ्या दोन एकरांना आता चार एकरांच्या कितीतरी पट भाव येईल. हिशेब कागदावर खोटा नसतो. पण त्यात एक आकडा मांडलेलाच नसतो. परत मिळते तो भूखंड असतो, शेत नसते. त्याच्यात गहू उगवत नाही. ज्याला विकायचे आहे त्याला भाव मिळाला. ज्याला कसायचे आहे त्याने दोन एकर डांबराकाठच्या जागेत कुदळ कुठे मारायची? शिवाय ज्याची जमीनच अर्धा एकर, त्याच्या हाती किती उरते, आणि जो दुसऱ्याच्या शेतावर राबतो त्याच्या हाती काय पडते? गोव्यात कुळांचे आणि मुंडकारांचे कायदे करताना आपण हाच प्रश्न धसाला लावला होता, की सातबाऱ्यावर नाव कुणाचे यापेक्षा चिखलात पाय कुणाचे.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभात चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली. कोट्यवधी यात्रेकरू येणार, जुन्या अरुंद वाटा पुरणार नाहीत, दर बारा वर्षांनी तंबू-नळांवर पैसा ओतून पुन्हा ते उपटून टाकायचे यापेक्षा एकदाच पक्के बांधावे, हा युक्तिवाद टाकाऊ नाही. २०१६ च्या सिंहस्थात मे महिन्यात वादळ-पाऊस झाला, मांडव कोसळले, माणसे दगावली, हे आम्ही विसरलेलो नाही. रुंद रस्ता हवा, घाट हवा, दवाखाना हवा. परंतु रस्त्याला लागेल तेवढी जमीन मागणे वेगळे आणि रस्त्याच्या नावाने साऱ्या गावांच्या मेरा पुसणे वेगळे. साधूला कायमचा आश्रम देण्यासाठी शेतकऱ्याला कायमचा बेघर करावा असे कुठल्या शास्त्रात आहे?

आता दुसऱ्या आमदाराची गोष्ट. चिंतामणी मालवीय हे भाजपचेच. २०१४ साली उज्जैनमधून लोकसभेवर निवडून गेले. २०१९ साली पक्षाने तिकीट दिले नाही. २०२३ साली रतलाम जिल्ह्यातल्या आलोट या राखीव मतदारसंघातून विधानसभेत आले. मार्च २०२५ मध्ये अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात ते बोलायला उभे राहिले. सिंहस्थासाठी दोन हजार कोटींची तरतूद झाली होती, तिचे त्यांनी स्वागत केले. मग म्हणाले की उज्जैनचा शेतकरी घाबरलेला आहे, सिंहस्थाच्या नावाने त्याची जमीन पूर्वी थोड्या महिन्यांसाठी घेत असत, आता कायमची घ्यायला निघाले आहेत, आणि यामागे वसाहती उभारून विकणाऱ्यांचा डाव आहे. मुख्यमंत्री त्यांच्याच पक्षाचे, सरकार त्यांच्याच पक्षाचे. विरोधी बाकांवरच्यांना आयता मुद्दा मिळाला. काही दिवसांतच पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांची नोटीस आली, की सात दिवसांत उत्तर द्या, शिस्तभंगाची कारवाई का करू नये?

इथे थोडे थांबू. राज्यघटनेचा १९४ वा अनुच्छेद सांगतो की विधानसभेत आमदार जे बोलेल त्याबद्दल त्याला कुठल्याही न्यायालयात खेचता येणार नाही. घटनाकारांनी हे संरक्षण आमदाराच्या मानपानासाठी दिले नाही. गरिबाचे गाऱ्हाणे निर्भयपणे मांडता यावे म्हणून दिले. न्यायालयाला जे करता येत नाही ते पक्षाचे कार्यालय एका टंकलिखित पत्राने करते! पक्षाला शिस्त हवी हे मान्य. मतदानाच्या वेळी पक्षादेश असतो, तो मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचा बडगा असतो, तेही मान्य. पण आपल्या मुलुखातला शेतकरी भ्यालेला आहे एवढे सभागृहात सांगणे हा शिस्तभंग होत असेल, तर आमदार निवडावा कशासाठी? पोस्टाने पत्र पाठवले तरी भागेल.

गोव्याच्या वाचकाला यातली खोच लवकर कळेल. आपल्याकडे २०१९ साली दहा आमदार एका रात्रीत काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले, २०२२ साली आठ गेले. त्यातल्या कुणी शेतजमिनीच्या प्रश्नावर पक्ष सोडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पक्ष बदलायला फारसे धैर्य लागत नाही, समोर ताट वाढलेले असते. पक्षात राहून, नोटीस येणार हे ठाऊक असताना तोंड उघडायला ते लागते. मालवीयांच्या मनात २०१९ च्या तिकिटाची जुनी सल असेल, मुख्यमंत्र्यांशी जिल्ह्यातले हेवेदावे असतील. माळव्याचे राजकारण आम्हांला इथून दिसत नाही. हेतू काहीही असो, बोलले ते खरे होते, आणि योग्य जागी बोलले.

शेतकरी मात्र एका आमदाराच्या भाषणावर विसंबून बसले नाहीत. ज्या संघपरिवारात मुख्यमंत्री वाढले, त्याच परिवारातला भारतीय किसान संघ रस्त्यावर उतरला. सप्टेंबर २०२५ मध्ये उज्जैनला ट्रॅक्टरांचा मोर्चा निघाला. ज्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद एके काळी मोहन यादवांनी सहा वर्षे भूषवले, त्याच प्राधिकरणाच्या योजनांविरुद्ध त्यांच्याच गावचे शेतकरी घोषणा देत होते. पुढे १८ नोव्हेंबरपासून उज्जैनला डेरा टाकण्याचा इशारा किसान संघाने दिला. आदल्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, भोपाळला मुख्यमंत्र्यांनी त्यांच्या नेत्यांना बोलावले, आणि लँड पूलिंग मागे घेत असल्याचे जाहीर झाले. फटाके फुटले, पेढे वाटले गेले.

पुढचा भाग आमच्या प्रत्येक वाचकाने दोनदा वाचावा. दोनच दिवसांनी सरकारी आदेश निघाला. तो शेतकऱ्यांनी वाचून पाहिला, तेव्हा त्यात 'रद्द' असे कुठेच नव्हते. योजनेत 'सुधारणा' केल्याचे होते. तोंडी मागे घेतले आणि कागदावर ठेवले! ज्यांनी पेढे खाल्ले होते तेच पुन्हा संतापून उठले. किसान संघाने डिसेंबरअखेर पुन्हा आंदोलनाची तारीख दिली. उज्जैन उत्तरचे भाजपचे आमदार अनिल जैन कालूहेडा यांनीही आपल्याच मुख्यमंत्र्यांकडे पत्र लिहून शेतकऱ्यांची बाजू घेतली. शेवटी डिसेंबर २०२५ च्या मध्याला दुसरा आदेश निघाला आणि योजना पूर्णपणे रद्द झाली. पहिल्या आणि दुसऱ्या आदेशांत अंतर महिन्याचेही नाही. त्या मधल्या दिवसांत शेतकरी पेढ्यांवर समाधान मानून घरी बसले असते, तर त्यांच्या मेरा पुढेमागे पुसल्या गेल्या असत्या, आणि कुणी विचारले असते तर उत्तर आले असते की आदेशाची प्रत तर तुम्हांला दिली होती.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. २००७ साली गोव्याचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या रेट्यापुढे मागे घ्यावा लागला. त्यानंतर जमिनीच्या रंगांची फेरफार बंद झाली असे म्हणायला एकही शेतकरी धजणार नाही. रापणकारांनी मागच्या पिढीत केवढा लढा दिला, १९८० चा मासेमारी नियमनाचा कायदा आला, किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारासाठी राखले गेले. कायदा कपाटात आहे. ट्रॉलर रात्री कुठवर येतो ते जाळे ओढणाऱ्याला विचारा.

मोहन यादवांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना दोन्ही बाजूंना शाई सारखीच वापरली पाहिजे. योजना आणली त्यांनीच, मागे घेतली तीही त्यांनीच. खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपला हुकूम गिळणे जड जाते. पुष्कळांना ते जमतच नाही, गोळीबार होईपर्यंत ते हट्ट सोडत नाहीत. मध्य प्रदेशातच मंदसौरला जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या होत्या, मंदसौर उज्जैनपासून लांब नाही. इथे गोळी चालली नाही, ही जमेची बाजू. पण जो माणूस त्याच गावात वाढला, त्याच प्राधिकरणाच्या खुर्चीत बसला, तीनदा त्याच मातीतून निवडून आला, त्याला नकाशावर रेघ ओढण्याआधी ज्यांच्या शेतांवरून ती जाते त्यांच्या ओसरीवर बसून विचारावेसे का वाटले नाही? बडनगरला २००३ साली कार्यकर्त्यांची कुजबुज ऐकून तिकीट परत करणारा तरुण आणि २०२५ साली ट्रॅक्टर रस्त्यावर आल्याशिवाय न ऐकणारा मुख्यमंत्री, हा प्रवास आम्हांला अस्वस्थ करतो. आमदार जसजसा वर चढतो तसतसा त्याचा एक कान भोपाळकडे, नाहीतर दिल्लीकडे, वळत जातो. आपल्याकडे तो पर्वरीला पोचला की वळतो.

जमिनीचे तूर्त निभावले. नदीचे बाकी आहे. क्षिप्रेत स्वत:चे पाणी थोडे, आणि इंदूर शहराची घाण पोटात घेऊन येणारी कान्ह नदी तिला उज्जैनच्या आधी मिळते. २०१४ साली नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेत आणण्याची योजना सुरू झाली, २०१६ चा सिंहस्थ त्याच पाण्यावर निभावला. कान्हेचे पाणी नळाने बाजूला काढण्याचा एक प्रयत्न तेव्हाही झाला, तो पुरला नाही; आता अधिक लांबीच्या बंद कालव्याने ते उज्जैनला वळसा घालून पुढे सोडायचे काम काढले आहे. घाण वळसा घालून पुढे गेली तरी नाहीशी होत नाही. क्षिप्रा उज्जैनवरून पुढे आलोटच्या बाजूने जाते आणि चंबळेला मिळते. त्या पाण्यावर गुरे पाजणाऱ्यांनी आणि जाळे टाकणाऱ्यांनी काय करायचे, हा प्रश्न तिथल्या आमदाराने, म्हणजे मालवीयांनीच, विचारायला हवा. जमिनीवर बोलले तसे पाण्यावरही बोलावे. आमच्या कांपालच्या नाल्याची आणि साळ नदीची कथा ज्याला ठाऊक आहे, त्याला वरच्या गावाची घाण खालच्या गावाच्या ताटात कशी येते हे समजावून सांगायला नको.

२०२८ साली क्षिप्राकाठची तीच शेते पुन्हा मागितली जातील, जुन्या रीतीने, थोड्या महिन्यांसाठी. पक्क्या रस्त्यांना आणि घाटांना लागेल ती जमीनही सरकार मागणारच. बुडालेल्या हंगामाची भरपाई एकरी किती, ती तंबू ठोकण्याआधी मिळणार की उठल्यावर, मुरूम-खडी कोण उचलून देणार, आणि शेत कुठल्या तारखेला परत होणार, या चार गोष्टी तारीख आणि आकडा घालून, सही-शिक्क्यानिशी लिहून घेण्याचे काम क्षिप्राकाठच्या शेतकऱ्यांपुढे अजून उभे आहे.